व्होल्टेज वाढल्यापासून पीसी सुरू होत नाही, नवीन एसएमपीएस (पॉवर सप्लाय) टाकूनही पंखा नुसता हलतो

पत्रिकावाली:
नमस्कार मंडळी. देवरुखजवळच्या एका वाडीत राहते, घरूनच डीटीपी करते. लग्नपत्रिका, पूजेची निमंत्रणं, नमनाची हँडबिलं, शाळेची प्रशस्तिपत्रकं, येईल ते काम. मे महिना म्हणजे चाकरमानी गावात आणि माझ्या पडवीत माणसं बसलेली. नेमकं आत्ताच हे झालंय.

वळवाचा पाऊस आला आणि डीपीजवळच्या आंब्याची फांदी तारांवर पडली. लाइट गेली असती तर बरं झालं असतं. गेली नाही. माजघरातला बल्ब एकदम पांढराफटक झाला, पंखा कधी नव्हे तो सुसाट सुटला. मेन स्विच पाडेपर्यंत सीपीयूच्या मागून फट्‌ आवाज आणि जळका वास. गंमत म्हणजे शेजारच्या काकूंकडे त्याच वेळी उलटं चाललं होतं. त्यांच्या गोठ्यातला जुना पिवळा बल्ब नुसता लालसर, आणि फ्रिज घुरघुरत होता पण चालू होत नव्हता.

आमच्याकडचे एलईडी बल्ब, राउटरचा अडॅप्टर, सेट-टॉप बॉक्स आणि सीपीयू, एवढं गेलं. फ्रिजला स्टॅबिलायझर होता, तो वाचला. यूपीएस दुरुस्तीला दिलेला, त्यामुळे सीपीयू थेट भिंतीवरच्या स्विचबोर्डावर होता. मॉनिटर ठीक आहे, भाच्याच्या लॅपटॉपला लावून पाहिला.

लाइनमनने दुसऱ्या दिवशी येऊन काहीतरी बांधलं, आता लाइट नेहमीसारखी वाटते. सीपीयू तालुक्याला नेला. तिथल्या कॉम्प्युटरवाल्याने जुना एसएमपीएस काढून कानाशी हलवून दाखवला, आत खुळखुळत होतं. नवीन साडेचारशे वॅटचा टाकला. आता बटण दाबलं की पंखा जरासा हलतो, पुढची लाइट क्षणभर लागते, की बंद. त्याचं म्हणणं, "मदरबोर्ड गेला ताई, याचा बोर्ड आता मिळत नाही, नवीन सेट घेऊन टाका."

मशीन जुनं आहे: आय-थ्री सेकंड जनरेशन, एच-६१ बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची मोठी हार्डडिस्क, डीव्हीडी रायटर, विंडोज सेव्हन. पण नवीन घ्या म्हणणं सोपं. माझं फॉन्टचं सॉफ्टवेअर डाँगलवर (यूएसबीला लावायच्या किल्लीवर) चालतं, ते नव्या विंडोजवर चालेल असं छातीठोकपणे कोणी सांगत नाही. सगळं काम पेजमेकरमध्ये आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात. दुसऱ्या मशीनवर उघडलं की नुसती गिचमिड दिसते. आणि आमच्या धंद्यात जुनी फाइल हेच भांडवल. थोरल्याची पत्रिका केलेली असली की धाकट्याच्या लग्नात तीच काढायची, नावं बदलायची, आजोबांच्या मागे कै. लागलं का तेवढं हळूच विचारायचं.

तर, बोर्ड खरंच गेला असेल का? घरी काही तपासता येईल? भाचा आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला आहे, मल्टिमीटर आहे त्याच्याकडे.

मिरजेचा_भटक्या:
रॅम काढा, सोनेरी दात खोडरबरने पुसा, परत घट्ट बसवा. बोर्डावरचा सेलपण काढून पाच मिनिटांनी लावा. आमच्या ऑफिसातले निम्मे पीसी यावरच जिवंत आहेत.

सोल्डरगन:
रॅम पुसून तोटा नाही, पण रॅम नीट बसली नसेल तर पंखा फिरत राहतो, फक्त डिस्प्ले येत नाही किंवा बीप वाजते. इथे पंखा हलून थांबतोय, म्हणजे दुखणं वेगळं आहे.

ताई, मी कोल्हापुरात बोर्ड रिपेअरचं काम करतो. तुमच्या लक्षणावरून मदरबोर्ड गेला असं मी तरी म्हणणार नाही. एसएमपीएस सुरू होतो, कुठल्यातरी लाइनवर शॉर्ट दिसतो, आणि तो स्वतःला बंद करून घेतो. शॉर्ट बोर्डावर असेल किंवा बोर्डाला जोडलेल्या कुठल्याही वस्तूत असेल. ते शोधायला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. दुकानदाराला मे महिन्यात तो नसतो, त्याला दोष देत नाही.

सगळ्यात आधी घरातली लाइन. सीपीयू बाजूला ठेवा. मीटर एसीच्या मोठ्या रेंजवर, ७५० किंवा ६०० जे असेल ते. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास यायला हवं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट चालतात. दहा-वीस दिसले तर एकतर न्यूट्रलचा जोड कच्चा आहे नाहीतर अर्थिंग नावालाच आहे. मीटर तसाच लावून ठेवा आणि पाण्याची मोटर चालू करायला सांगा. आकडा थोडा खाली येईल, ते ठीक. खूप उड्या मारायला लागला, किंवा मोटर लावल्यावर चक्क वाढला, तर लाइनमनला परत बोलवा आणि तोवर काहीही महागाचं लावू नका. हे काम भाच्याने करावं, आणि एकट्याने नको.

मग नवीन एसएमपीएस एकटा तपासा. नवीन आहे म्हणून चांगला आहे असं धरू नका, आमच्याकडे खोक्यातून मेलेले निघतात. त्याचे सगळे कनेक्टर बोर्डावरून काढा. चोवीस पिनांच्या मोठ्या कनेक्टरमध्ये एकच हिरवी वायर असते. ती आणि शेजारची काळी, या दोन्ही जेमक्लिप सरळ करून जोडायच्या. आधी क्लिप घालायची, मग प्लग लावायचा. पंखा फिरला पाहिजे. डीव्हीडी रायटरची पॉवर लावून ठेवा, काही एसएमपीएसना थोडा लोड लागतो. आता मीटर डीसी २० वर, काळी प्रोब काळ्या वायरीत, आणि लाल प्रोबने:

पिवळी: ११.४ ते १२.६
लाल: ४.७५ ते ५.२५
नारिंगी: ३.१४ ते ३.४६
जांभळी: ५ च्या आसपास. ही प्लग लावल्याबरोबर येते, क्लिप नसली तरी.

सगळ्याच वायरी काळ्या असतील तर अंदाजाने क्लिप घालू नका, फोटो टाका, मी दाखवतो.

हे बरोबर आलं तर पीसी नागडा करायचा. हार्डडिस्क, डीव्हीडी, पुढचे यूएसबी, माउस, कीबोर्ड, लॅनची केबल, तुमचं डाँगल, सगळं काढा. बोर्डाला फक्त दोन पॉवर केबल, चोवीस पिनांची आणि प्रोसेसरजवळची चार पिनांची. रॅमसुद्धा काढा. बोर्डावर छोटा स्पीकर लावता आला तर उत्तम. मग बटण दाबा. पंखा फिरत राहिला आणि बीप वाजत राहिली तर बोर्ड आणि प्रोसेसर तुमच्याशी बोलताहेत असं समजा. नंतर एकेक वस्तू लावत जायची, दर वेळी प्लग काढून. कुठली लावल्यावर परत बंद पडतो ते कळवा.

आणि जुना खुळखुळणारा एसएमपीएस उघडू नका. आत दोन मोठे कपॅसिटर असतात, प्लग काढल्यावरही त्यांच्यात तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.

जुगाडू_नगर:
एवढं कशाला. एसएमपीएसच्या मागे लाल स्विच असतो, ११५/२३० लिहिलेला. तो ११५ वर करून बघा, माझा लगेच सुरू झाला होता.

सोल्डरगन:
ताई, त्या स्विचला हातही लावू नका. ११५ वर तो आत व्होल्टेज दुप्पट करतो. आपल्या २३० चे सुमारे साडेसहाशे डीसी होतात, आणि आतले कपॅसिटर बहुतेक प्रत्येकी २०० व्होल्टचे असतात. फटाका होईल. जुगाडूभाऊ, तुमचा सुरू झाला असेल तर तुमच्या स्विचची आतली वायरच तुटलेली असणार. कृपया असं इथे टाकू नका, कोणीतरी खरंच करून बघतं.

पत्रिकावाली:
केलं सगळं. भाचा फार खूश, परीक्षेत विचारत नाहीत ते करायला मिळालं म्हणतो.

घरातलं व्होल्टेज २२६, मोटर लावल्यावर २१९. न्यूट्रल-अर्थ दीड. एसएमपीएसला रंगीत वायरी आहेत. पिवळी १२.१, लाल ५.०४, नारिंगी ३.३२, जांभळी ५.०८.

मग सगळं काढून बटण दाबलं आणि पंखा फिरतच राहिला! बीप सुरू झाली ती थांबेचना, आमची मांजर पळून गेली. रॅम लावली (खोडरबर फिरवूनच, भटक्या दादा), तर मॉनिटरवर अक्षरं आली. सीमॉस चेकसमचा काहीतरी एरर आणि तारीख कुठल्या तरी जुन्या जानेवारीतली. बोर्डावरचा सेल मोजला तर २.४ व्होल्ट. म्हणजे बोर्ड जिवंत आहे!

कीबोर्ड लावला, ठीक. डीव्हीडी लावला, ठीक. हार्डडिस्कची पॉवर केबल लावली आणि परत तेच, पंखा हलून बंद. डेटा केबल न लावता, नुसती पॉवर लावली तरी तेच.

आता खरा पोटात गोळा आलाय. बोर्ड गेला असता तर परवडलं असतं हो. काही महत्त्वाचं पेनड्राइव्हवर आहे, पण सगळं नाही.

सोल्डरगन:
घाबरू नका. मला तर ही बातमी बरी वाटतेय.

साडेतीन इंची हार्डडिस्कच्या खाली जी हिरवी किंवा निळी पाटी असते, तिच्यावर पॉवरच्या कनेक्टरजवळ दोन काळे चौकोनी भाग असतात. त्यांना टीव्हीएस डायोड म्हणतात. एक १२ व्होल्टच्या लाइनवर, एक ५ च्या. एरवी ते काहीच करत नाहीत. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की सगळा करंट स्वतःतून जमिनीकडे वळवतात, आणि मार फार बसला तर कायमचे शॉर्ट होतात. राखणदार दारातच आडवा पडला म्हणून कोणी आत जाऊ शकला नाही, तसं. तुमचा जुना एसएमपीएस फुटताना वाढलेलं व्होल्टेज पुढे सरकलं असणार आणि डायोडने ते अंगावर घेतलं. आता नवीन एसएमपीएसला तोच शॉर्ट दिसतोय. आतल्या तबकड्या आणि हेड यांना बहुतेक काही झालेलं नसतं.

तपासायची पद्धत: डिस्क पूर्ण सुटी करा. पाटीची भागांची बाजू बऱ्याच डिस्कमध्ये आतल्या अंगाला असते, त्यामुळे पाटी काढावी लागते. तिचे स्क्रू सहा टोकांचे असतात, टॉर्क्स टी-८ नाहीतर टी-६ लागेल. साध्या स्क्रूड्रायव्हरने प्रयत्न केलात तर स्क्रूची डोकी खराब होतील. डिस्कचं वरचं झाकण मात्र कुठल्याही परिस्थितीत उघडायचं नाही. मीटर ओहमवर ठेवून प्रत्येक डायोडच्या दोन टोकांवर प्रोब धरा, मग उलट्या करून धरा. दोन्ही बाजूंनी शून्याच्या आसपास आलं तर तो गेला.

गेलेला डायोड नुसता काढून टाकला तरी डिस्क चालते, फक्त तिला राखण राहत नाही. काढायला हॉट एअर गन लागते. तुमच्या बाजारात मोबाइल रिपेअरवाला असेलच, त्याचं दोन मिनिटांचं काम आहे. त्याला नेमका भाग दाखवा आणि शेजारचं काही हलवू नको म्हणून बजावा.

एक मोह टाळा. सेम मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची पाटी आणून लावली की झालं, असं कोणीतरी सांगेलच. पूर्वी चालायचं. आता पाटीवरच्या छोट्या आठ पायांच्या चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडची मोजमापं साठवलेली असतात, ती चिप पण हलवावी लागते.

दोन्ही डायोड चांगले निघाले आणि तरी शॉर्ट असेल, तर मोटर चालवणारी चिप गेली असेल. मग तिथेच थांबा, पुढचं काम डेटा रिकव्हरीवाल्याचं.

खांबावरचा:
मी लाइनवर आयुष्य काढलं, आता निवृत्त. कॉम्प्युटरातलं कळत नाही, पण खांबावर काय झालं ते सांगतो, कारण ते परत होणार आहे.

वाडीत चार तारा येतात, तीन फेज आणि एक न्यूट्रल. फेज ते न्यूट्रल २३०, फेज ते फेज ४००. तुमचं घर एका फेजवर, शेजारणीचं दुसऱ्या. फांदीने न्यूट्रल तुटला की परतीची वाट बंद होते, आणि दोघींची घरं एकामागे एक अशी ४०० व्होल्टवर लटकतात. मग वाटणी कशी होते? ज्या फेजवर लोड कमी तिथे व्होल्टेज जास्त, जिथे लोड जास्त तिथे कमी. तुमच्याकडे चार बल्ब, पंखा आणि कॉम्प्युटर, म्हणून चढलं. पलीकडच्या फेजवर कोणाची तरी चक्की किंवा गिझर चालू असणार, म्हणून तिथला बल्ब लाल झाला.

लोक विचारतात एमसीबी का पडला नाही. एमसीबी करंट बघतो, व्होल्टेज बघत नाही. ईएलसीबी गळती बघतो. स्पाइक गार्डमधली गोळी क्षणभराच्या झटक्यासाठी असते, मिनिटभर साडेतीनशे आले तर तीच जळते. यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर म्हणून मिळतो, एमसीबीच्याच पट्टीवर मेननंतर बसतो. साधारण २७० च्या वर गेलं की घर तोडतो, नीट झालं की थोडं थांबून परत जोडतो. तुमच्या मेनच्या अँपिअरएवढा किंवा वरचा घ्या, आणि वायरमनकडूनच बसवून घ्या.

एक हात जोडून सांगतो. न्यूट्रल गेला की काही हुशार लोक घरातली अर्थची वायर न्यूट्रलला जोडतात, लाइट चालू होते म्हणून. तसं केलं आणि खांबावरचा न्यूट्रल तुटलेला असला, तर वाडीचा करंट तुमच्या अर्थमधून जायला बघतो आणि फ्रिजच्या पत्र्याला हात लावणारा माणूस चिकटतो. मी असे प्रसंग बघितलेत.

आणि सेक्शन ऑफिसला लेखी अर्ज द्या. खांबाचा नंबर, तारीख, वेळ, कोणाकोणाचं काय गेलं, सगळ्यांच्या सह्या. पोच घ्या. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. अर्जावर काही हललं नाही तर वीज कायदा २००३ च्या कलम ४२(५) प्रमाणे ग्राहकांसाठी गाऱ्हाणे निवारण मंच असतो, तिथे ही पोचच कामाला येते. आंब्याची फांदी परत वाढेल, ती छाटायची मागणी त्याच अर्जात घाला.

पत्रिकावाली:
सोल्डरगन दादा, मोठा डायोड दोन्हीकडून ०.४ ओहम. छोटा ठीक होता. मोबाइलवाल्याने आधी "हे काढलं तर डिस्क मरेल" म्हणून हात आखडता घेतला. तुमचं उत्तर वाचायला दिलं, मग काढला. टी-८ त्याच्याकडेच होता. पैसे घेतले नाहीत, मुलाच्या बारशाची पत्रिका माझ्याकडे लागली!

घरी आणून लावली. डिस्क फिरली, विंडोजचं चिन्ह आलं आणि लगेच निळा स्क्रीन. खाली आकड्यांमध्ये शेवटी ७बी. परत घाम फुटला.

सोल्डरगन:
७बी म्हणजे विंडोजला बूट डिस्क सापडत नाही. डिस्क दिसतेय, पण भाषा जुळत नाही. तुमचा सेल उतरलाय, त्यामुळे बायोसच्या (बोर्डावरच्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंग मूळपदावर गेल्या. बायोसमध्ये जा, सॅटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) बघा. आयडीई असेल तर एएचसीआय करा, सेव्ह करून बाहेर पडा. त्याआधी सीआर २०३२ सेल नवीन टाका, नाहीतर दर वेळी हेच. तारीखही नीट करा, ती चुकीची असली की ब्राउझर अर्ध्या साइट उघडत नाही.

पत्रिकावाली:
झालं! आयडीईच होता. एएचसीआय केला आणि डेस्कटॉप आला, सगळे फोल्डर जागच्या जागी. डाँगल लावलं, फॉन्ट आले, पेजमेकर उघडला. भाच्याच्या बाहेरच्या डिस्कवर आत्ता कॉपी चालू आहे. प्रोटेक्टर वायरमनला सांगितलाय, अर्जावर अर्ध्या वाडीच्या सह्या झाल्यात, शेजारच्या काकूंनी फ्रिजबरोबर मिक्सरही लिहायला लावला.

शेवटचं विचारते. ही डिस्क आता रोज वापरू नये ना? २४० जीबीची एसएसडी घेतली तर चालेल का? भरलेली जागा दीडशे जीबीच्या आतच आहे. आणि डाँगल क्लोनवर (डिस्कच्या हुबेहूब नकलेवर) ओळखेल ना?

सोल्डरगन:
रोज वापरू नका, बरोबर. २४० ची चालेल, क्लोनचं सॉफ्टवेअर भरलेला भागच उचलतं. फक्त त्याला आधी मोठ्या डिस्कवरचं पार्टिशन २२० च्या आत आणावं लागू शकतं, आणि ते काम आत्ता चाललेली कॉपी पूर्ण होऊन चार-पाच फायली उघडून बघितल्याशिवाय सुरू करू नका. डाँगल यूएसबीला लागतं, त्याला डिस्क बदलल्याचा सहसा फरक पडत नाही. तरी जुनी डिस्क पुसू नका, क्लोनवर एखादी पत्रिका छापून होईपर्यंत ती तशीच ठेवा.

मिरजेचा_भटक्या:
आणि यूपीएस दुरुस्त होऊन आला की त्याची बॅटरी बघून घ्या. बहुतेक बारा व्होल्ट सात अँपिअर-अवरची असते, दोन-तीन वर्षांत बसते.